भावनांचा पंचनामा

1546 मध्ये ख्रिस्ती मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायालय, मागितले. 1560 मध्ये ते आले. 2024 मध्ये झेवियर यांच्याच अवशेषांची डीएनए चाचणी मागणारे हिंदुत्ववादी नेते सुभाष वेलिंगकर यांच्यावर डिचोली पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धच्या कलम 299 खाली गुन्हा नोंदवला. आदल्या वर्षी प्रवचनात शिवाजी महाराजांविषयी केलेल्या विधानाबद्दल एका पाद्र्यावर गुन्हा झाला होता. थोडक्यात, भावना दुखावण्याविरुद्धचा कायदा दोन्ही बाजूंना हवा आहे, फक्त समोरच्यासाठी. तो नसेल तर दंगली होतील, असे म्हणतात. मग चिथावणीला आणि दगडफेकीला शिक्षा करा; त्यासाठी वेगळी कलमे आहेतच. दुखावलेल्या भावनेचा पंचनामा कोणता हवालदार करणार? विधान खोटे असेल तर पुराव्याने खोडावे. फौजदाराला धर्मशास्त्राचा पंडित करू नये.