चपट्या तारेची बाजू

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की माणसांसारख्या गिटारच्या ताराही सैलावतात. लग्नाच्या लॉनवर ऑर्केस्ट्रातला बेसवाला दर दोन गाण्यांनी खुंट्या पिळत बसतो, आणि वऱ्हाडी मंडळींना वाटतं, हा काही वाजवतच नाही. त्यांचंही बरोबर आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते. हा सूर पंगतीपर्यंत पोचतो तो कानात कमी, पोटात जास्त.

बेसवाल्यांचा आपसातला वाद मात्र तारांवरून. राउंडवाउंडमध्ये पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी. गोल वेढ्यांमध्ये फटी राहतात, पट्टीत राहत नाहीत, म्हणून तेवढ्याच जाडीत धातू जास्त मावतो. तार जड झाली की तोच सूर काढायला ती जास्त ताणावी लागते. चार तारांचा मिळून ओढा पाऊणशे किलोंच्या पुढे सहज जातो. गिटारची मान तो मुकाट सोसते! अपवाद आहेतच. व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या चपट्या तारा इतक्या मऊ, की नवख्याला वाटावं, खुंटी पिळायची राहिली.

नवी राउंडवाउंड खणखणीत बोलते, बोट सरकलं तरी चर्र करते, वर पडदेही झिजवते. पण फटींत घाम नि धूळ बसली की थोड्याच दिवसांत तिचा आवाज बसतो. अकोल्यात दोन्ही फुकट. फ्लॅटवाउंडचा आवाज पहिल्या दिवसापासूनच बसलेला, आणखी बिघडणार काय? डेट्रॉइटच्या मोटाउनचा जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, असं सांगतात. उलट रोटोसाउंडच्या गोल तारा 1966 च्या सुमारास गाजवणाऱ्या 'द हू'च्या जॉन एंटविसलला त्या सतत नव्याकोऱ्या लागत. दोघंही थोर. वऱ्हाडी खिशाला मात्र जेमर्सन पटतो.

माझंही मत चपटीला. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, निवेदक, शिवाय नवरदेवाचे मामा असे सगळेच वरच्या पट्टीत असताना कुणीतरी खर्जात राहावं. परवा एका बेसवाल्याला विचारलं, तारा कधीच्या?

"माह्या लग्नाच्या वक्ताच्या हायेत भाऊ," तो म्हणाला. "पोरगी आता धाव्वीले हाय."