गौताळा, येत्या रविवारी नक्की

पावसाची पहिली दमदार सर सिडकोच्या गच्च्यांवर कोसळली की छत्रपती संभाजीनगरात घरोघरी एक गृहस्थ जागा होतो. त्याला आपण संयोजक म्हणू. शुक्रवारी रात्री ग्रुपवर त्याचा निरोप पडतो : 'रविवारी गौताळा. सहाला म्हणजे सहाला. कोण कोण?' उत्तरादाखल अकरा अंगठे उगवतात. त्यांचा अर्थ 'येतो' की नुसतंच 'वाचलं', याचा उलगडा करण्यात शनिवार जातो आणि रविवारी दुपारी ही मंडळी वेरूळच्या अलीकडे एखाद्या ढाब्यावर शेवभाजी ओरपताना सापडतात. यावरून लोक त्याला बोलघेवडा ठरवतात. मला हे साफ अन्यायाचं वाटतं. संयोजकाइतका कष्टाळू माणूस शहरात शोधून सापडायचा नाही; त्याचा घात होतो तो ठिकाण जवळ असल्यामुळे.

हाच माणूस बारा नातेवाइकांना काश्मीरला नेऊन सुखरूप परत आणतो. वाळूजच्या कारखान्यात तीन पाळ्यांचं वेळापत्रक लावतो आणि एकही मशीन उभं राहत नाही. पण काश्मीरचे पैसे आधी भरलेले असतात, पाळी चुकली तर पगार कापला जातो. गौताळ्याचं काय बुडणार? कन्नडच्या पलीकडे, शहरापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर, 1986 पासून अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं अडीचशेहून अधिक चौरस किलोमीटरांचं हे जंगल पुढच्या रविवारीही तिथंच असणार. पितळखोऱ्याची लेणी दोन हजार वर्षं थांबली आहेत, आठवडाभर आणखी थांबतील. शिवाय पर्याय फार. म्हैसमाळ सोपं, असं कुणीतरी म्हणतं. दुसरा जायकवाडीचं पक्षी अभयारण्य सुचवतो, तिसरा परदेशी पक्षी हिवाळ्यात येतात म्हणून ते खोडून काढतो. संयोजक सगळ्यांची नोंद घेतो. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हेही तो बजावून सांगतो. सहल रविवारची आहे, पण माहिती अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नाही.

यात त्याचा काय दोष, माणसंच वेळेवर निघत नाहीत, असं कुणी म्हणेल. तेही पुरतं खरं नाही. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीची माणसं इथं दौलताबादला आणून बसवली; संयोजकाला सिडकोतली चार कुटुंबं कन्नडपर्यंत हलवता येत नाहीत. फरक एवढाच, की तुघलकानं कुणाला विचारलं नव्हतं. संयोजक प्रत्येकाला विचारतो आणि विचारलं की माणसाला अडचण आठवते. एकाच्या मुलाचा क्लास निघतो, दुसऱ्याच्या सासूबाईंची चतुर्थी. मग निघायचे सहाचे आठ होतात, आठाचे साडेनऊ. दौलताबादच्या तटातल्या अरुंद वेशीत गाड्या खोळंबतात, वेरूळ येईतो पोरं भुकेजतात. वेरूळ कन्नडच्याच रस्त्यावर आहे. म्हणजे मंडळी चुकत नाहीत, वाटेवरच असतात. वाट निम्म्यात संपते, इतकंच. 2021 मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरातून एक वाघ तीनशेहून अधिक किलोमीटर तुडवत गौताळ्यात पोचला. एकटा होता, ग्रुप काढला नव्हता.

मग असल्या नियोजनाचा उपयोग काय? इथं मात्र त्याच्या टीकाकारांनी त्याची यादी एकदा नीट वाचावी. दशम्या कुणी आणायच्या, ठेचा वेगळ्या डब्यात का, पाण्याचे जार किती, पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना गुडघेदुखीवाल्यांनी कुठं बसायचं, घाटात डिझेल संपू नये म्हणून टाकी कुठं भरायची, सगळं तीत असतं. यादीत खोट नाही. ती दुसऱ्याच्या हाती पडली की चोख चालते. समोरच्या फ्लॅटमधलं नवं जोडपं ती मागून घेतं, कुणाला न विचारता पहाटे मोटारसायकलला किक मारतं आणि संध्याकाळी धबधब्याचे फोटो टाकतं. त्याखाली पहिला अंगठा संयोजकाचा असतो. पाठोपाठ प्रश्न : 'पाणी किती होतं? आमचं येत्या रविवारी ठरतंय.'