लातूरची चोवीस मिनिटं

लातूर पॅटर्न दहावी-बारावीच्या निकालापुरता असतो, असं लोकांना वाटतं. मी ज्या पतसंस्थेचे संगणक सांभाळतो, तिच्या लातूर शाखेतली घड्याळंही नांदेडच्या मुख्य कार्यालयापेक्षा चार मिनिटं पुढं होती. लातूरहून ११:०४ ला पाठवलेली रक्कम नांदेडला ११:०० लाच जमा! ऑडिटर डोक्याला हात लावून म्हणाले, "पैसे निघायच्या आधीच पोचायलेत. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?"

दोष कुणाचाच नव्हता. संगणकातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं आणि तापमान बदललं की त्याची चाल बदलते. आमच्या मे महिन्यात माणसांची बदलते, तर स्फटिकाचं काय! त्यात मदरबोर्डवरचा बटणसेल संपला, की वर्षसुद्धा भलतंच दिसतं.

वेळ विचारायला संगणकाला यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टातून बाहेर जावं लागतं. फायरवॉल सांभाळणाऱ्यानं ते बंद ठेवलेलं. "टाइम विचारायला सगळ्यांनी कशाला बाहेर जायचं?" हा त्याचा सवाल, आणि तो बरोबर होता. लग्नात पाचशे मनगटांवर घड्याळं असली, तरी शेवटच्या अक्षता भटजींच्या घड्याळानंच पडतात. आम्हीही एका सर्व्हरला भटजी केलं. बाहेर जायची मुभा त्याला एकट्याला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरला वेळ विचारतो, बाकीचे त्याला विचारतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं काढलेल्या निर्देशांतही याच प्रयोगशाळेचं नाव आहे, त्यामुळं संचालक मंडळानं फार प्रश्न विचारले नाहीत.

ही विचारपूस ज्या एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) या प्रोटोकॉलनं चालते, तो अमेरिकेच्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडला. निरोप जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उत्तर यायला लागतो, असं तो धरून चालतो. मिल्स लोहा-अहमदपूर मार्गे एसटीनं कधी गेले नसावेत.

विंडोजच्या डोमेनमध्ये तर घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सहसा लॉगिनच होत नाही. पाच मिनिटांसाठी कुणाला दारातून परत पाठवायचं, हे मराठवाड्यात प्रथमच घडत असावं.

सगळ्या घड्याळांचं एकमत झालं आणि लातूरच्या शाखाधिकाऱ्यांनी भूगोल काढला. "प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची. सूर्याच्या हिशोबानं नांदेड एकवीस मिनिटं मागं, लातूर चोवीस. मग मस्टरला चोवीस मिनिटांची सूट नको का?"

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी प्रमाणवेळच बरी."

मी त्यांना लेखी अर्ज करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाखेत आल्या आल्या तो पाठवला. आवक नोंदीत सर्व्हरनं आपणहून वेळ टाकली, १०:३१. शाखा दहाला उघडते. मागितलेली चोवीस मिनिटं वजा केली, तरी साहेब सात मिनिटं उशिराच.