खुराडं बांधावं कसं: नवशिक्यांसाठी

खुराड्याची फरशी निवडायला जाताना बायकोला बरोबर नेऊ नये. ती आधी फरशीकडे पाहते, मग आपल्याकडे, आणि स्वयंपाकघरातली फरशी किती वर्षं उखडलेली आहे याचा हिशोब दुकानदारासमोरच मांडते. एकट्याने जावं. त्याहून बरं म्हणजे जाऊच नये.

मी गेलो होतो. निवृत्त होऊन रत्नागिरीकडच्या गावी परतलो, मागीलदारी सहा कोंबड्या पाळायचं ठरवलं. एका कोंबडीला 2 चौरस फूट या हिशोबाने 4 फूट बाय 3 फुटांचं खुराडं पुरतं. इतक्या लहान जागेत माणूस किती चुका करू शकतो, ते पुढे क्रमाने येईलच.

पहिल्यांदा पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स घालाव्यात. धुवायला सोप्या, असं दुकानदार सांगतो. त्याच्याकडे कोंबड्या नसतात. शेवाळलेल्या पाखाडीवरून पुण्याचा पाहुणा उतरतो, तशा माझ्या कोंबड्या त्या टाइल्सवरून चालत. लहान पिल्लांचे तर अशा जमिनीवर पाय फाकतात, ते वेळीच लक्षात आलं नाही तर तसेच राहतात. शिवाय कोंबडीच्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. टाइल ते शोषत नाही. वरून आपण बादलीभर ओततो, आणि मृगात ओतलेलं पाणी दसऱ्यापर्यंत सुकत नाही.

मग लाकडी फळ्या. त्यांच्या फटींत पिसवा संसार थाटतात. नुसती जाळी घातली तर पायांना जखमा होतात. शेणाने सारवलेली जमीन उत्तम, पण ती उंदरा-मुंगसालाही उत्तम वाटते, खालून उकरायला.

शेवटी जे करायचं ते असं: हातभर उंच चिऱ्याचा जोता, त्यावर खरबरीत कोबा, दाराकडे किंचित उतार. आणि त्यावर भाताचं तूस, दोन-तीन इंच. सगळी मदार या तुसावर आहे. गिरणीवर पोतं भरून मिळतं. सुताराकडची रंध्याची भुशी चालते, करवतीचा बारीक भुसा मात्र नको. तो नाकातोंडात जातो आणि पिल्लं तो दाणा समजून खातात. तूस ओलं झालं की नाही हे मुठीत दाबून पाहावं. गोळा झाला तर ओलं, लगेच बदला. मूठ उघडताच सगळं भुरभुरलं तर ठीक. (हे हाताने करायचं असतं. पहिल्या आठवड्यात मी चिमट्याने करत होतो.) दोन-तीन दिवसांनी खालीवर करावं लागतं, त्याला एक पळवाट आहे: संध्याकाळी मूठभर कणी तुसात फेकावी. सहा कामकरणी बिनपगारी जमीन उकरून देतात. काढलेलं तूस काही महिने कुजवून माडांना घालावं; ताजं घातलं तर मुळं करपतात.

आता हवा. नवशिक्या मुंगूस आणि बोका यांच्या धास्तीने खुराड्याची तिजोरी करतो. माझ्या तिजोरीला एक दार होतं आणि त्याला दोन कड्या. परीक्षा सोपी आहे. पहाटे पाचला उठावं, दार उघडावं आणि डोकं आत घालावं. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. आपण तो दोन क्षण घेतला, कोंबड्यांनी रात्रभर. माझं डोकं आत असताना शेजारच्या काकी परड्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, अंडी बाहेर येतात हो. आत जावं नाही लागत."

कोंबडीच्या अंगाची उष्णता 41 अंशांच्या आसपास, आणि तिला घाम येत नाही. वैशाखात ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा उपाय. म्हणून छपराखाली, दोन्ही लांब बाजूंना, सहा-सहा इंचांची मोकळी पट्टी ठेवावी. गरम दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. बसायची दांडी या पट्टीच्या खाली हवी, म्हणजे वारा डोक्यावरून जातो, अंगावर येत नाही. पट्टीला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारावी. बाजारात जिला कोंबडी-जाळी म्हणतात ती कोंबडीला अडवते, इतकंच. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि साप तिच्यातून निवांत ये-जा करतो.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. ऊन लांब बाजूंनी आत घुसत नाही आणि पश्चिमेकडून येणारी झड आखूड भिंतीवर आपटते. पाखं दोन-अडीच फूट बाहेर काढावं. आषाढात बाजूंना झावळ्यांची झापं बांधावीत, पण वरची पट्टी उघडी ठेवून. येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, वरचं झाप बांधायचं राहिलं. त्याला हो म्हणावं आणि चहा द्यावा.

उखडलेल्या टाइल्स स्वयंपाकघरात लावू का, असं मी घरात एकदाच विचारलं. त्या आता विहिरीजवळ, भांडी घासायच्या जागेला लागल्या आहेत. परवा काकी तिथे घसरता घसरता वाचल्या.