टिंगटिंग: लक्षणे, कारणे आणि घरगुती उपाय

टिंगटिंग हा मोटारीत पुढच्या सीटवर बसणाऱ्याला होणारा कानाचा त्रास आहे. बेल्ट न लावता गाडी हलली की डॅशबोर्डवर बेल्ट लावून बसलेल्या एका तांबड्या माणसाचे चित्र उजळते आणि मागोमाग आवाज सुरू होतो. आधी तो बालवाडीच्या बाईंसारखा मऊ असतो. गाडीने वेग घेतला की त्याला पर्यवेक्षकांचा गळा फुटतो आणि ठोके जवळजवळ येऊ लागतात. बोलीभाषेत या आवाजाला कटकट, किटकिट, भुणभुण आणि ‘बंद कर रे ते’ अशी नावे आहेत. या त्रासावरचा एक उपाय सर्वांना ठाऊक आहे. तो म्हणजे बेल्ट लावणे. त्याचे वर्णन सर्वांत शेवटी येईल, कारण प्रत्यक्षातही तो शेवटीच आठवतो.

यंत्रणा साधी आहे. बेल्टची पातळ जीभ ज्या बकलमध्ये खटकन बसते, त्यात एक छोटा स्विच असतो. शेजारच्या सीटच्या गादीत वजन ओळखणारा सेन्सर असतो. सीटवर वजन आहे, बकल रिकामे आहे आणि गाडी चालली आहे, एवढे जुळले की बजर वाजतो. याच्या पलीकडचे त्याला काही कळत नाही. ‘इथे नाक्यापर्यंतच तर जायचंय’ हे कळत नाही. काचेवर कोणत्या खात्याची पाटी आहे, बोनेटवर कोणत्या पक्षाचा झेंडा आहे, मालकाच्या मेहुण्याची ओळख कुठवर पोहोचते, हेही कळत नाही. ‘घ्या, साहेबांशी बोला’ म्हणून त्याच्या कानाला मोबाइल लावण्याची सोय नाही. रस्त्यावर भेटणाऱ्या अधिकाऱ्यांत इतका हतबल करणारा दुसरा अधिकारी नाही, आणि त्रासाचे खरे मूळ इथे आहे. आवाजाचा त्रास म्हणावा, तर त्याच गाडीच्या डिकीत गणेशोत्सवाच्या मांडवाला पुरेल एवढा स्पीकर असतो. ती रिव्हर्स घेताना आख्ख्या सोसायटीला भजन ऐकवते आणि सिग्नल हिरवा होण्याच्या आधीच तिचा हॉर्न वाजू लागतो. हे सगळे चालते, कारण ते आवाज चालकाने काढलेले असतात. टिंगटिंग चालकाला ऐकवली जाते.

सेन्सरच्या अज्ञानातून एक उपप्रकार निर्माण झाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून येणाऱ्या गाडीत पुढच्या सीटवर हापूसची पेटी असते. सेन्सर वजन मोजतो, आडनाव विचारत नाही. त्याच्या लेखी पेटी हा बेल्ट न लावलेला प्रवासी होय. चालक दोन-तीन किलोमीटर दात-ओठ खातो, मग गाडी कडेला घेऊन पेटीला बेल्ट लावतो. भाद्रपदात मूर्ती घरी आणताना हेच घडते, फक्त तेव्हा दात-ओठ खाल्ले जात नाहीत. बेल्ट हळुवार हाताने, सोंडेला धक्का लागणार नाही अशा बेताने लावला जातो. अशा वेळी चालकाचा स्वतःचा बेल्ट बहुधा पाठीमागून नेऊन बकलमध्ये अडकवलेला असतो.

त्रास असलेल्यांची कारणे विचारली असता उत्तरे ठरावीक मिळतात. इस्त्री मोडते. पोटाला लागते. गुदमरल्यासारखे होते. मी वीस वर्षे गाडी चालवतोय. गाडीला एअरबॅग आहेत. या सगळ्यांत जास्त विचारपूर्वक मांडले जाणारे कारण पाण्याचे आहे: गाडी नदीत पडली आणि बेल्ट सुटलाच नाही तर? हा प्रश्न करणारी व्यक्ती बहुधा भर शहरात, मंडईसमोर, दुसऱ्या गिअरमध्ये असते. तरीही तिच्यापुरते उत्तर देणे भाग आहे. गाडी पाण्यात पडताना आपटते, आणि आपटताना शुद्धीवर राहिलेल्या माणसालाच पुढे बकलचे बटण दाबता येते.

आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केला. त्याआधी ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करत होते. संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी ती आसने. म्हणजे माणसाला बाहेर कसे काढावे याचा अभ्यास झाल्यावर त्याला आत कसे ठेवावे याकडे ते वळले. व्होल्वोने या बेल्टचे पेटंट इतर कंपन्यांसाठी खुले केले, त्यामुळे फुकटचे म्हणून तरी तो जगभर स्वीकारला जायला हवा होता. तसे झाले नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली बेल्ट लावण्याची सक्ती केली, तेव्हा तसा कायदा करणारे ते जगात पहिले ठरले. कंपनीने बेल्ट दिला, सरकारने कायदा दिला. लावण्याचे काम मात्र बसणाऱ्याकडेच राहिले, आणि बजर जन्माला आला तो या तिसऱ्या कामासाठी.

बजरच्या इतिहासातला सर्वांत धाडसी प्रयोग अमेरिकेत झाला. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये अशी कुलूपबंदी बसवण्यात आली की पुढे बसलेल्यांनी बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. कागदावर योजना निर्दोष होती. पण शेजारच्या सीटवर किराणा मालाची पिशवी किंवा कुत्रा असला, तरी गाडी जागची हलेना. नागरिकांनी पत्रे लिहिली, लोकप्रतिनिधींनी भाषणे केली, आणि ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा पाहिलेल्या त्या देशाने ऑक्टोबरमध्ये कुलूपबंदीही घालवली. नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यात आणखी एक तरतूद होती: सरकारने सक्तीचा केलेला बजर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजू नये. माणसाचा जीव वाचवण्यासाठी त्याला किती वेळ सतवावे, हे संसदेने सेकंदांत ठरवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. ही मर्यादा २०१२ पर्यंत टिकली. आठ सेकंद म्हणजे एक जांभई आणि रेडिओचे बटण. तेवढ्यात बजर स्वतःच थकून गप्प होत असे.

भारतात हा वाद बराच काळ उद्भवला नाही, कारण अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या इतर भागांचाच आवाज पुरेसा होता. नव्वदच्या दशकात पुढच्या सीटला बेल्ट आले आणि दीर्घकाळ पिळदार, कोरे, कारखान्यातून आले तसे खांबाला लटकत राहिले. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी बजर सक्तीचा झाला. त्याच दिवशी वेगाचा भोंगाही आला: ताशी ८० किलोमीटरच्या वर दर मिनिटाला एकदा, १२० च्या वर अखंड. बजरला अशा रीतीने भाऊ मिळाला आणि चालकाला दुसरा शत्रू. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आले आणि बेल्ट न लावण्याचा दंड एक हजार रुपये झाला. पूर्वी तो शंभर होता, म्हणजे ज्यांच्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा भरून टाकणे सोपे अशा रकमांत मोडत असे.

चालकावर आता दोन निरीक्षक आले, आणि दोघे वेगवेगळ्या ठिकाणी पाहतात हे ध्यानात येणे हाच टिंगटिंगच्या उपचारांचा पाया आहे. चौकातल्या मामांना फक्त छाती दिसते. बजरला फक्त बकल दिसते. मामांसाठीची पद्धत जुनी आहे: चौक जवळ आला की बेल्ट छातीवर ओढून डाव्या हाताने मांडीजवळ धरायचा, चौक ओलांडला की सोडून द्यायचा. सोडलेला बेल्ट सुर्रकन जागेवर जातो. या पद्धतीत बकलला हातही लागत नाही, म्हणून बजरपुढे ती निरुपयोगी ठरली. बजरसाठी बेल्ट पाठीमागून अडकवण्याची रीत निघाली, पण दिवसभर पाठीत पट्टा रुततो. ज्यांना बेल्ट छातीला टोचतो म्हणून नको होता, त्यांनी तो पाठीला टोचून घेतला.

यातून क्लिप आली. क्लिप म्हणजे बेल्टशिवायची बेल्टची जीभ: धातूचा एक चपटा तुकडा, बकलमध्ये खुपसला की बजरची खात्री पटते. ती जोडीने मिळते आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी तिच्यावर गाडीच्या कंपनीचे चिन्हही असते. सुरक्षिततेचे साधन निकामी करणारी वस्तू उघडपणे विकणे अवघड जाऊ लागले, तेव्हा काही विक्रेत्यांनी ती बाटलीचे ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून मांडली. दारू आणि तंबाखू यांच्या आडोशाला लपावे लागलेली ही बहुधा पहिलीच वस्तू असावी. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले आणि अशा १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. अपघातानंतर विमा कंपनी क्लिपकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते, असेही तेव्हा सांगण्यात आले. क्लिपचा आणखी एक गुण जाहिरातीत येत नाही. काही गाड्यांत बकलची खबर एअरबॅगच्या संगणकालाही जाते. टक्कर किती जोराची झाली की फुगा फोडायचा, याचा हिशेब तो त्या खबरीवर करतो. क्लिप त्याला शपथेवर खोटे सांगते.

क्लिपने बजर शांत झाला, तोच मोठ्या रस्त्यांवर कॅमेरे आले. कॅमेरा पुन्हा छातीकडे पाहणारा, पण मामांसारखा चौकातच उभा राहत नाही आणि त्याच्याकडे चहापाण्याचा विषय काढता येत नाही. चलान थेट मोबाइलवर येते, फोटोसकट. या टप्प्यावर इटलीचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. तिथे १९८९ मध्ये बेल्टची सक्ती झाली, तेव्हा नेपल्स शहरात छातीवर तिरका काळा पट्टा छापलेले पांढरे टी-शर्ट विकले गेले. लांबून पाहणाऱ्या पोलिसाला बेल्ट दिसे, घालणाऱ्याला काही टोचत नसे. बकलमध्ये क्लिप आणि अंगात असा टी-शर्ट, एवढे केले की दोन्ही निरीक्षकांचे समाधान होते. खर्च, वेळ आणि बुद्धी यांचा विचार करता ही भारतीय चालकाने आजवर उभारलेली सर्वांत परिपूर्ण सुरक्षा व्यवस्था ठरावी. फक्त समोरच्या काचेला तिची कल्पना नसते.

काचेचे गणित शालेय आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी भिंतीवर थांबते, तेव्हा आत बसलेला बेल्टविना माणूस थांबत नाही. तो ताशी ५० ने पुढे जात राहतो. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. ताशी ८० ला ती उंची पंचवीस मीटर होते, साधारण आठवा मजला. एअरबॅग आहेच, या उत्तराला स्टिअरिंगवरच उत्तर छापलेले असते: ‘एसआरएस’ या अक्षरांतला पहिला ‘एस’ पूरक या अर्थाच्या शब्दाचा आहे. एअरबॅग बेल्टला पूरक असते. डोळ्याचे पाते लवण्याआधी ती फुगते, आणि बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे आलेला असल्याने फुगणारी पिशवी आणि तो यांची गाठ भलत्याच अंतरावर पडते.

मागची सीट ही टिंगटिंगमुक्त भूमी मानली गेली, कारण तिथे फार काळ बजरच नव्हता. मालक मागे बसतो, आणि बेल्ट लावणे हे ड्रायव्हरचे काम, अशी विभागणी होती. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. तेही मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्याच महिन्यात मागच्या सीटलाही बजर सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने काढला, आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट बंधनकारक केल्याचे जाहीर केले. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, देशभरात बेल्ट न लावल्यामुळे १६,३९७ माणसे मेल्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे: ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी. हे आकडे वर्तमानपत्रांत आले तेव्हा काही दिवस दुकानांत मागच्या सीटचे बेल्ट गादीखालून बाहेर ओढून देण्याच्या कामाला गर्दी झाली. नंतर सीटकव्हर बदलताना ते पुन्हा आत गेले.

आता राहिलेला उपाय. उजव्या खांद्यामागचा बेल्ट सावकाश ओढावा; हिसका दिल्यास तो अडकतो, कारण हिसक्याला अडकणे हेच त्याचे काम आहे. तो छातीवरून तिरका आणि खालचा भाग पोटावरून न घेता कमरेच्या हाडांवरून न्यावा, पीळ पडला असल्यास काढावा, आणि जीभ डावीकडच्या बकलमध्ये खट्ट असा आवाज येईपर्यंत दाबावी. टिंगटिंग थांबते. बकलमध्ये आधीच क्लिप असल्यास ती प्रथम काढून घ्यावी. तिने बाटल्या खरोखरच उघडतात.