जिभेचा उपवास

पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघा, शिमगा दरवर्षी आमच्या उपवासकाळातच येतो. होळी पौर्णिमेला, ईस्टरही पौर्णिमा बघूनच ठरतो, तेव्हा दोष द्यायचा तर चंद्राला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून वसईचा ख्रिस्ती माणूस मटण, दारू आणि शिव्या सोडतो, आणि नेमकं तेव्हाच अख्खं कोकण राजरोस बोंबा मारत असतं.

मटण सोडणं सोपं आहे. मटण आपण होऊन अंगावर येत नाही. शिवीचं तसं नाही. माझा चुलतभाऊ रोज विरार लोकलने नोकरीला जातो. पाटीवर चर्चगेट लिहिलेलं असलं तरी आतलं वातावरण तितकं धार्मिक नसतं. म्हणजे अर्धं असतं. एका कोपऱ्यात भजनी मंडळ टाळ कुटत असतं आणि दारात, बोरिवलीला उतरू बघणाऱ्या अडाण्याचा सात पिढ्यांसकट उद्धार चाललेला असतो. उद्धार करणाराच कधीकधी श्वास घेऊन पुढचं ध्रुपद उचलतो. संत याकोबाने पत्रात तक्रार केली आहे ती याचीच. ज्या तोंडाने देवाची स्तुती त्याच तोंडाने माणसाला शाप! एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी येतं का, असं तो विचारतो. त्याला आमची विहीर दाखवायला हवी. टँकरवाल्यांनी उपसायला घेतल्यापासून ती सकाळी गोड देते आणि दुपारी मचूळ. त्यावर आम्ही जे बोलतो ते मात्र दिवसभर एकाच चवीचं असतं.

तर भावाने यंदा शिवी सोडली. काकूने बिस्किटांचा रिकामा डबा काढला. एका शिवीला दहा रुपये, ईस्टरला डबा गरिबांना. 'आयला'ला पाच, कारण काकूच्या मते ती शिवी नव्हे, पण चालचलन संशयास्पद. पहिल्याच आठवड्यात गरिबांची चैन झाली.

मला अशा वेळी पेत्राचा आधार वाटतो. प्रमुख याजकाच्या वाड्यात लोकांनी ओळखलं तेव्हा तो तीनदा नाही म्हणाला, आणि तिसऱ्यांदा चक्क शिव्याशाप देत, शपथा घेत नाही म्हणाला, असं मत्तय आणि मार्क लिहितात. लूक आणि योहान यांनी तेवढं गाळलं. चरित्रकार असावेत तर असे! शेवटी कोळीच तो. पाचूबंदरला जाळं फाटतं तेव्हा काय ऐकू येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पेत्र काय म्हणाला असेल याचा अंदाज बांधता येईल. कोंबडा आरवल्यावर तो रडला, पण गुरूला नाकारलं म्हणून. शिव्यांबद्दल रडला असं एकाही शुभवर्तमानात नाही. आणि स्वर्गाच्या दिलेल्या चाव्या त्याच्याकडून कोणी परत मागितल्या नाहीत.

याउलट माझी मावशी. जन्मात तोंडातून अपशब्द नाही, संध्याकाळची रोझरी कधी चुकली नाही. सुनेने केलेली आमटी तोंडात घालून ती एवढंच म्हणते, "असू दे गं, प्रभूने याहून जास्त सोसलं." सून आत जाऊन रडते. मावशीचं घराणं अलीशा संदेष्ट्याचं. टकलावरून चिडवणाऱ्या पोरांना त्यानेही शिवी दिली नाही, परमेश्वराच्या नावाने फक्त शाप दिला. रानातून दोन अस्वली आल्या आणि 42 पोरांना फाडून गेल्या. चार कचकचीत शिव्या हासडून मोकळा झाला असता, तर पोरं जेवायच्या वेळेला घरी असती.

भावाच्या डब्यात मात्र तिसऱ्या आठवड्यापासून पैसे पडेनात. काकूने शेजारीपाजारी सांगून टाकलं, पोरगा सुधारला. मी एक दिवस त्याच्याबरोबर गाडीने गेलो तेव्हा उलगडा झाला. पायावर पाय देणाऱ्याला तो शांतपणे म्हणत होता, "मूर्खा." खांद्यावर बॅग आदळणाऱ्यालाही "मूर्खा." आवाज असा, की माणसाने त्यापेक्षा शिवी पत्करावी. काकूची त्याला हरकत नव्हती. शाळेत मास्तर आणि घरात काका हाच शब्द वापरत आले, तो वाईट कसा असेल?

मला राहवलं नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी काकूच्या ओट्यावर बसून मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला आणि बाविसावं वचन भावापुढे धरलं. डोंगरावरच्या त्या प्रवचनात आईबहिणीचा उल्लेखही नाही. माणसाला नरकाच्या आगीत नेणारा शब्द म्हणून प्रभूने नाव घेतलं आहे ते 'मूर्खा'चं.

भावाने वचन दोनदा वाचलं. बायबल मिटून नीट बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे बघून एकच शब्द बोलला. काकूने डबा पुढे केला. त्याने खिशातून शंभराची नोट काढून आत टाकली आणि उरलेले नव्वद रुपये तिथल्या तिथे वसूल केले.