टार्गेट

मार्च लागला की माझे नातेवाईक माझा फोन उचलायचं बंद करतात. मी उसने मागत नाही, बँकेत नोकरी करतो. ३१ मार्चच्या आत शाखेला इतक्या विमा पॉलिसी, इतकी नवी खाती असं टार्गेट असतं आणि ते कुणाच्या खिशातून पुरं होणार, हे आमच्या खानदानाला अनुभवाने कळलंय. धाकटे मामा तर ‘मार्चनंतर बोलू’ हे वाक्य जानेवारीतच वापरायला काढतात.

मराठीत लक्ष्य आहे, उद्दिष्ट आहे. सरकारी तक्त्यात ‘लक्ष्यांक’ आणि ‘साध्य’ हे दोन रकाने सख्ख्या भावकीसारखे शेजारी राहतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण टार्गेटची दहशत यातल्या एकाही शब्दाला नाही. उद्दिष्ट हुकलं तर खेद व्यक्त करतात. टार्गेट हुकलं की बदली होते. शिवाय ते कुणी ठरवत नाही, ते ‘येतं’. मुख्य कार्यालयातून निघतं, प्रत्येक पायरीवरचा साहेब आपल्या सुरक्षिततेसाठी त्यात थोडी भर घालतो आणि शाखेत पोचेपर्यंत त्याने चांगलंच बाळसं धरलेलं असतं.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ छोटी गोल ढाल. नेम धरायची पाटीही गोलच, म्हणून पुढे अठराव्या शतकात तिलाही तेच नाव पडलं. गाठायचा आकडा हा अर्थ तर विसाव्या शतकातला. माझ्या मते आमच्या ऑफिसात अजून मूळ अर्थच चालतो. पासबुक छापायचं मशीन बंद का, पेन्शनवाल्या आजी दोन तास उभ्या का, असं वरून कुणी विचारलं की मॅनेजर शंभर टक्क्यांचा तक्ता पुढे धरतात. वार परतून जातो.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला अल्पबचतीचं टार्गेट असे. पोरांचे पाढे कच्चे राहिले तर कुणी विचारत नसे, पण पोस्टातली खाती कमी पडली की मीटिंगमध्ये उभं करत. तिच्या आधीच्या मास्तरांनी आणीबाणीत याहून वाईट पाहिलं. नसबंदीच्या ‘केसेस’ आणा, नाहीतर पगार विसरा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, ठरवलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. इथे मात्र हसू येत नाही. पुढे एप्रिल १९९६पासून केंद्राने कुटुंब नियोजनातली टार्गेटं रद्द केली. मग कागदोपत्री ‘अपेक्षित साध्य पातळी’ अवतरली. टार्गेट मरत नाही, बारसं करून घेतं.

चार्ल्स गुडहार्ट नावाचे अर्थतज्ज्ञ बँक ऑफ इंग्लंडमध्ये होते, म्हणजे आमच्याच आळीतले. त्यांनी १९७५मध्ये मांडलेला मुद्दा आता लोक असा सांगतात: जे मोजायचं तेच टार्गेट केलं, की मोजण्यात अर्थ उरत नाही. आम्ही तो न वाचताच सिद्ध केला. २०१४मध्ये जन धन योजना आली, कोट्यवधी खाती उघडली. त्यात शून्य शिल्लक असलेली किती, असा प्रश्न वरून येऊ लागला. मग २०१६मध्ये बातम्या आल्या, की काही शाखांत कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरला. शून्य गेलं, टक्केवारी सुधारली. गरिबाच्या नावावर रुपया जमा झाला हेही खरं, नाही म्हणू नये.

आता तुमच्यासाठी एवढंच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत गेलात आणि काउंटरवरच्या माणसाने आपणहून खुर्ची दिली, चहा विचारला, तर चहा जरूर घ्या. सही करण्याआधी मात्र हप्ता किती वर्षं भरायचा आणि मध्येच सोडला तर हातात काय येतं, हे विचारा. एवढं करूनही फसलात, तर आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. फक्त हे मी सांगितलं म्हणून आमच्या साहेबांना कळवू नका. माझं यंदाचं अजून निम्मं बाकी आहे.